मंगळाच्या दांड्यावरची हळद

मी दोन वर्षं चेन्नईजवळच्या अंबत्तूरमध्ये मंगळाचं हवामान मोजण्याच्या यंत्रांवर काम केलं, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसणाऱ्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो "अरे वा, अभिमानाची गोष्ट" म्हणून लगेच चहाकडे वळणाऱ्यांचा. त्यांना रॉकेट हवं असतं. आमच्याकडे पत्र्याची शेड होती. तिच्या एका अंगाला पर्जन्यमापकं तयार व्हायची, दुसऱ्या अंगाला वाऱ्याचा वेग मोजणारी तीन वाट्यांची चक्रं, आणि मागच्या कोपऱ्यात जाड प्लास्टिकच्या पडद्यांचा एक तंबू होता. मंगळाचं काम त्या तंबूत चालायचं.

काम असं होतं. परदेशातलं एक विद्यापीठ सहा चाकांची गाडी बनवत होतं. ही गाडी मंगळावर जाणार नव्हती. पुढे कधीतरी जी जाईल तिच्यासाठी आधी पृथ्वीवरच्या वाळवंटात फिरवून बघायची, म्हणून ही. तिच्या मानेवर हातभर लांबीचा ॲल्युमिनियमचा दांडा बसणार होता आणि त्या दांड्यावर हवामानाची सगळी यंत्रं: हवेचा दाब, तापमान, वारा, आणि टोकाला काचेखाली मसुराएवढा एक प्रकाशाचा डोळा. ऊन किती पोचतं आणि हवेत धूळ किती आहे, हे त्या डोळ्याने सांगायचं. असे दोन दांडे आम्हाला करून, तपासून द्यायचे होते. आमची नेहमीची वाट्यांची चक्रं तिथे कुचकामी, कारण मंगळावरची हवा इतकी विरळ की वाट्या हलायच्याच नाहीत. म्हणून तिथे तापवलेल्या बारक्या चकत्या लावायच्या. वारा लागला की त्या किती निवतात त्यावरून वारा ओळखायचा. त्या चकत्यांना केसाहून बारीक तारा जोडाव्या लागत.

त्या तारा अक्का जोडायची. अक्का पन्नाशी ओलांडलेली, ठेकेदारामार्फत रोजावर आलेली. मूळची तंजावरकडची मराठी. तिचे पूर्वज कधीतरी तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि आपली भाषा घरात जपत राहिले. शब्द जुने, चाल तमिळची. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "तूं आमच्यांतली म्हणून साहेबानं सांगितलं. जेवण झालं का तुझं?" मला हसू आवरेना. तिने शांतपणे डब्यातलं डांगर माझ्या ताटलीत वाढलं आणि म्हणाली, "तुझं मराठी मला हिंदी ऐकल्यासारखं वाटतं. मी हसले का?" तेव्हापासून आमचं जमलं.

तंबूत जाण्याचे नियम अक्काइतके कुणी पाळत नसे. चपला बाहेर, डोक्याला टोपी, आणि केसांतला मोगऱ्याचा गजरा काढून बाहेरच्या खिळ्याला. "फुलाची पूड पडते आंत," ती म्हणायची. दिवसभर गजरा खिळ्यावर सुकायचा आणि संध्याकाळी ती तोच सुकलेला गजरा परत माळून घरी जायची. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे तिच्यावर ढकललं गेलं ते ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, कोल्हापुरातून इंजिनिअर होऊन आलेली, वेलचेरीत तीन मुलींबरोबर भाड्याने राहणारी. वेलचेरीपर्यंत लोकल नुकती कुठे सुरू झाली होती. रोज एक गाडी बदलून अंबत्तूर गाठायचं आणि दांडा तपासायचा, हे माझं काम. तपासायला एक जाड लोखंडी पिंप होतं, त्याला काचेची खिडकी. दांडा पिंपात ठेवायचा, पंप लावून आतली हवा मंगळाइतकी विरळ होईपर्यंत ओढून काढायची, खिडकीतून दिवा मारायचा, तो सूर्य. मग प्रत्येक यंत्र काय दाखवतं ते वहीत लिहायचं. त्या वर्षी वीज रोज ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही जायची. वीज गेली की पंप थांबायचा, बाहेरची हवा पिंपात घुसायची आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात. मग पुन्हा पहिल्यापासून.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी शेडमधलं काम दुपारीच थांबलं. लेथ, ड्रिल, पंप, सगळं धुऊनपुसून लख्ख. प्रत्येक यंत्राला ओल्या चंदनाचा टिळा, त्यावर कुंकू. दाराशी कोहळा फोडला, चुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल वाटलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी सकाळीच बजावलं होतं की तंबूतल्या सामानाला काहीही लावायचं नाही, त्याला लांबूनच नमस्कार. नियम बरोबर होता. तो मला चांगला ठाऊकही होता.

पण त्याच दिवशी आमच्याकडे खंडेनवमीची तयारी असते. माझे वडील लेथवर काम करायचे. खंडेनवमीला ते माझ्याकडून लेथला, व्हर्नियरला, पान्यांना हळदकुंकू लावून घ्यायचे. इंजिनिअर झाल्यावरही, "हात तुझाच लागू दे" म्हणायचे. आईने दरवर्षीसारखी टपालाने पुडी पाठवली होती. शेडमध्ये सगळे सुंडल खात होते. मी पुडी घेऊन तंबूत शिरले, दांड्यावरचं कापड वर केलं आणि अनामिकेने आधी हळद, मग कुंकू, दांड्याच्या बुडाशी लावलं. यंत्रांपासून चांगलं वीतभर लांब. हात जोडले. कुणाला सांगितलं नाही. मला फार बरं वाटलं, ते मी आजही नाकारत नाही.

सुट्टी संपवून पहिला दांडा पिंपात घातला आणि प्रकाशाचा डोळा कमी दाखवायला लागला. फार नाही, पण कमी. मी दिवा बदलला. केबल बदलली. खिडकीची काच आतून-बाहेरून पुसली. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पाचव्या दिवशी अक्काचं भिंग मागून घेतलं आणि डोळ्यावरच्या काचेत बघितलं. तिथे कण होते. काही लाल, बरेचसे पिवळे.

मी भिंग खाली ठेवलं. कारण काय घडलं ते क्षणात कळलं. वडिलांच्या लेथला तेलाचा थर असायचा, त्याला कोरडी हळद चिकटून बसायची. शेडमधल्या लोकांनी चंदन ओलं लावलं होतं, तेही हललं नाही. आणि मी मात्र स्पिरिटने पुसलेल्या, कोरड्याठाक ॲल्युमिनियमवर कोरडी पूड लावली. वीज गेली, हवा फुसकन पिंपात घुसली, आत वावटळ झाली, आणि बुडाशी असलेली हळद उडून टोकाच्या डोळ्यावर बसली. इंजिनिअर बाई!

मी साहेबांकडे गेले. वाटेत ठरवलं होतं, सरळ सांगून टाकायचं. आणि तोंडातून निघालं, "सर, डोळ्यावर हळदकुंकू आहे. कुणीतरी दांड्याला कोरडं लावलेलं दिसतंय."

कुणीतरी. हा शब्द मी वापरला. त्यानंतर मी पुष्कळ आवाज चढवला, पण आधी हा शब्द माझ्या तोंडून गेलेला आहे.

साहेब हुशार माणूस. "कोरडं? आमचे लोक चंदन ओलं लावतात," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ती म्हातारी मराठी आहे ना?" मी काही बोलले नाही. शुक्रवारची संध्याकाळ होती. गाडीत मला खिडकी मिळाली आणि घरी पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत राहिले की नुसतं विचारलं त्यांनी, पुढे काय होणार आहे.

शनिवारी सकाळी साहेबांनी एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. विद्यापीठाला सोमवारी जाणार होतं, त्यातले आकडे तेवढे मी तपासायचे होते. पत्रात लिहिलं होतं की एका रोजंदारी कामगाराच्या निष्काळजीपणामुळे यंत्रावर धूळ बसली, त्या कामगाराला कामावरून कमी करण्यात आलं आहे, आणि त्या दिवसांची पानं चाचणीच्या वहीतून वगळली आहेत.

मी पत्र घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, हळद मी लावली."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "मला काल रात्रीच वाटलं होतं. पण एन्नम्मा, काय गं हे, तुला कळत नाही. इंजिनिअरने केलं म्हणून लिहिलं तर कंपनीचं नाव जातं. रोजंदारीवाल्या बाईने केलं तर काय, अशा बाया येतात-जातात. ठेकेदार तिला दुसरीकडे लावेल. तू काच पूस, पुन्हा चाचण्या घे, नवीन वही कर."

आतापर्यंत मला लाज वाटत होती. आता डोकं सणकलं. त्यांना खरं माहीत होतं आणि तरी त्यांना अक्काच हवी होती, कारण ती स्वस्तात पडत होती. मी म्हटलं, "नवीन वही होणार नाही."

"काय?"

"वहीच्या पानांवर छापील नंबर आहेत. प्रत्येक पानाखाली तपासणाऱ्याची सही लागते. माझी सही दुसऱ्या वहीवर होणार नाही. आणि सहीशिवाय विद्यापीठ दांडा घेणार नाही."

"मग तुझीही नोकरी जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. मग बाहेर येऊन वही उघडली आणि त्या पाच दिवसांच्या पानांवर शाईच्या पेनने इंग्रजीत लिहिलं: सणानिमित्त मी, म्हणजे माझं पूर्ण नाव, दांड्याच्या बुडाशी हळद आणि कुंकू यांची कोरडी पूड लावली. मनाई असताना लावली. वीज गेल्यावर आत शिरलेल्या हवेने ती उडून काचेवर बसली. खाली कमी आलेले आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत. सही. लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी शेडमधून जरा ताठच चालत तंबूकडे गेले. एखादा गड जिंकल्याच्या थाटात.

अक्का तंबूत दुसऱ्या दांड्याच्या तारा जोडत होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. मी तिला बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. शुक्रवारचं "कुणीतरी"सुद्धा सांगितलं. पत्राचं सांगितलं. मग वहीत काय लिहिलं ते सांगितलं आणि थांबले. मला वाटत होतं, ती माझा हात धरेल, निदान डोळ्यांत पाणी आणेल.

ती म्हणाली, "मी आंत फूल घालून गेलेली आहे का कधी?"

"नाही, अक्का."

"तूं हळद घेऊन गेलीस."

"हो."

"आणि साहेबानं विचारलं तेव्हां गप्प बसलीस."

तिने हातातला बारीक चिमटा रुमालावर ठेवला, नीट, आडवा. "आतां मोठं काम केलं म्हणून मला सांगायला आलीस. सरी, बरं. ती वही आण."

मी वही आणली. तिने माझं लिहिलेलं पान बघितलंही नाही. पहिलं पान उघडलं. तिथे एक तक्ता होता: कोणता भाग, कोणती तार कोणत्या पिनेला, कोणत्या तारखेला जोडला, कुणी जोडला. 'कुणी जोडला' या रकान्यात प्रत्येक ओळीला कंपनीचं नाव छापलेलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. अक्काची शाळा दहावीपर्यंत झाली होती, इंग्रजी बोट ठेवून वाचायची.

"तूं चूक केलीस तर तुझं नाव लिहिलंस," ती म्हणाली. "मी पांच महिने डोळे फोडून तारा जोडल्या. माझं नाव कुठें आहे?"

खरं म्हणजे पाच महिन्यांत मला तो रकाना कधी खटकलाच नव्हता. वही माझी, रोज उघडायची मी, पानाखाली माझी सही, आणि कुणी जोडलं हे मी दररोज डोळ्यांपुढे बघत होते. साहेबांवर चिडणं सोपं होतं.

ती उठली आणि तशीच, डोक्याला टोपी, साहेबांच्या केबिनकडे गेली. मी मागून. आत ती तमिळमध्ये बोलली, आवाज अजिबात न चढवता. मला तेव्हा तमिळ कामापुरतं यायचं, पण एवढं कळलं: सोमवारपासून येऊ नको म्हणताय ते ठीक आहे, दुसऱ्या दांड्याच्या चकत्या अर्ध्या जोडून झाल्यात, उरलेल्या कोण जोडणार ते मला सांगा, त्याला मी सगळं समजावून देऊन जाते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सोल्डरिंग केलेली तार मुंगीने ओढली तरी सुटेल, हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. लेथवाले, पर्जन्यमापकवाले, कुणाचेही हात त्या कामाचे नव्हते. साहेब बराच वेळ टेबलावरच्या कागदांची चवड सारखी करत बसले. शेवटी म्हणाले, "परवाइल्ल, असू दे. सोमवारी या."

"पत्र?" मी विचारलं.

त्यांनी पत्र उचललं, दोनदा घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "तुझ्या वहीचीच नक्कल जाईल. ऑर्डर रद्द झाली तर मात्र तू जबाबदार." मी म्हटलं चालेल. माझ्या शौर्याने त्या केबिनमध्ये काडीचा फरक पडला नव्हता. फरक पडला अक्काच्या बोटांनी, आणि ती बोटं आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं म्हणून.

अक्का मात्र केबिनमधून हलेना. तिने वही टेबलावर ठेवून पहिलं पान उघडलं. "इथें," एवढंच म्हणाली.

साहेब म्हणाले, तो रकाना कंपनीचा आहे, रोजंदारीच्या लोकांची नावं त्यात लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, "या पहिल्या पानाचा नमुना विद्यापीठाने पाठवलाय, सर. त्यावर लिहिलंय, जोडणाऱ्या व्यक्तीचं नाव. कंपनी व्यक्ती कधीपासून झाली?" मी जरा जास्तच बोलले. पण त्या दिवशी मला कुणी गप्प करू शकलं नसतं, आणि साहेबही थकले होते. त्यांनी हाताने, करा काय करायचं ते, अशी खूण केली.

मी पेन पुढे केलं. अक्काने घेतलं नाही. ती वही घेऊन बाहेरच्या बाकावर बसली आणि तक्ता पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. बोट ओळीवरून हळूहळू सरकत होतं. शनिवारी शेड अर्धा दिवसच असायची. माणसं डबे घासून निघाली, दुचाक्या सुरू झाल्या, रखवालदार दोनदा डोकावून गेला. मी म्हटलं, "अक्का, नाव फक्त लिहायचंय. आकडे मी तपासलेत." तिने ऐकलंच नाही. एका ओळीवर बोट थांबलं.

"वाऱ्याची दुसरी चकती. पिवळी तार चौथ्या पिनेला म्हणून लिहिलंस."

"हो."

"मी ती पांचवीला जोडलेली आहे."

मी तंबूत जाऊन, कापड वर करून बघितलं. पाचवीलाच होती.

"चुकलेल्या कागदावर मी नाव लिहीत नाही," अक्का म्हणाली.

मी ती ओळ एका रेघेने खोडली, बाजूला बरोबर आकडा लिहिला आणि खोडल्याजागी माझी सही केली. मग तिने पेन घेतलं आणि तमिळमध्ये, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, आपलं पूर्ण नाव लिहायला घेतलं. रकाना लहान होता. अर्ध्या नावानंतर तिचं पेन कंपनीच्या छापील नावावर आलं, आणि तिने ते तसंच त्यावरून पुढे नेलं.